सुळक्याआधीचं टेंगूळ

ताई कामाला बसली की मधे तोंड घालायची कुणाची बिशाद नव्हती. प्रयोगशाळेत मोठमोठे शास्त्रज्ञ आले नि गेले, पण शंखातल्या गोगलगायींचं विष काढावं ते ताईनेच. समुद्रातल्या या गोगलगायी दिसायला नक्षीदार, गोंडस. डंख बसला तर मात्र माणूस आटोपलाच. ताई नळीच्या तोंडावर पातळ रबर ताणायची, त्यावर माशाच्या शेपटीचा तुकडा लावायची आणि चिमट्याने नळी टाकीत धरायची. "ये गं बये, नखरे पुरे झाले," असं दटावायची. गोगलगाय सोंड पुढे काढून रबरातून आत दात मारायची आणि नळीत एक थेंब उतरायचा. अठरा वर्षं हेच चाललं होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर त्या थेंबाने उंदरांचं दुखणं थांबायचं म्हणून. आणि दुखणं तर ताईच्या घरात ठाण मांडून बसलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीला नागीण झाली. फोड गेले, आग मागे राहिली. बरगडीला चादर घासली तरी धाकटी कळवळायची. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. दोघी बहिणी एकाच घरात राहायच्या, तिसरं माणूस नाही. संध्याकाळी ताई दारात चपला काढते न काढते तोच आतून हाक यायची, "काय गं, झालं का तुझं औषध?"

"करण्यासारखं सगळं करतोय आम्ही," ताई सांगायची.

औषध अडलं होतं ते एका कोड्यापाशी. अख्ख्या थेंबाने उंदीर शांत व्हायचा. थेंबातून औषधाचा म्हणून जो प्रथिनाचा तुकडा वेगळा काढायचे, त्याने मात्र काही म्हणजे काही व्हायचं नाही. वेगळं काढायचं कामही ताईचंच. विष यंत्राच्या नळकांड्यातून सोडलं की त्यातला एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडायचा आणि कागदावर त्याचा सुळका उमटायचा. मोठ्या सुळक्याच्या जरा आधी एक बारकंसं टेंगूळ यायचं. "मोठा सुळका आपला, बाकी सगळी घाण," असं जुन्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. ताईचा हात इतका स्वच्छ, की त्या टेंगळाचा कणसुद्धा ती सुळक्यात मिसळू द्यायची नाही.

एकदा तिच्या मनात आलं होतं, हे टेंगूळ दर वेळी त्याच जागी कसं येतं? घाण अशी घड्याळ लावून येते होय? विचारायचं ओठांवर आलं होतं. पण सर घाईत होते. शिवाय आपण काय मोठ्या शिकलेल्या लागून गेलोय, असं वाटून ती गप्प बसली.

घरी मात्र तिने ते बोलून दाखवलं. धाकटीला कुठलीही वस्तू टाकवत नसे, रिकाम्या बाटल्यांनी तिचं कपाट भरलेलं. "अगं, मग फेकतेस कशाला? जागा आहे ना, ठेव की," ती म्हणाली. तेव्हापासून ताई ते टेंगूळ नळ्यांत भरून शीतपेटीच्या तळाला ठेवू लागली. नळीवर तारीख घालायची आणि खाली लिहायची, 'घाण'.

सहा वर्षं गेली. धाकटी न्यूमोनियाने गेली. दुखण्याने कुणी मरत नाही म्हणतात, खरंच असेल. पण जाईपर्यंत तिचं दुखतच होतं. शेवटच्या दिवशी ताईला तिचा हातसुद्धा धरता आला नाही, कारण हात जरा हलला तरी बरगडीला घासायचा आणि ती ओरडायची.

पुढे सर निवृत्त झाले आणि नव्या मॅडम आल्या. शीतपेटी आवरताना त्यांना त्या नळ्या सापडल्या. त्यांनी यंत्रावर आतल्या रेणूचं वजन करून पाहिलं तर तोच प्रथिनाचा तुकडा, फक्त जरा जड. वरचं वजन होतं साखरेचं. गोगलगायीने त्या तुकड्याला साखरेचे दोन रेणू चिकटवले होते, आणि औषधाची सगळी ताकद त्या साखरेतच होती. टेंगळातला थेंब दिला नि उंदीर शांत झाला.

मॅडम धावतच आल्या. "ताई, तुम्ही या ठेवल्यात म्हणून कळलं हो! केवढं काम केलंत!"

ताईने सगळ्यांत जुनी नळी हातात घेतली. धाकटीला अंथरूण धरून महिनासुद्धा झाला नव्हता, तेव्हाची तारीख. खाली तिचंच सुवाच्य अक्षर.

तिचा चेहरा बघून मॅडम वरमल्या. त्यांना बहिणीचं माहीत होतं. "ताई, जिवाला लावून घेऊ नका. तेव्हा कळलं असतं तरी औषध व्हायला दहा-बारा वर्षं लागली असती. त्यांना मिळालं नसतंच."

"ते मलाही कळतं हो," ताई म्हणाली. "पण करण्यासारखं सगळं करतोय, असं मी तिला रोज सांगायचे. तिचा विश्वास होता माझ्यावर. आणि मी साधं विचारलंसुद्धा नव्हतं."

मॅडमनी लेबल बदलायला पेन पुढे केलं. ताईने ते घेतलं नाही. "हे राहू द्या," ती म्हणाली आणि नळी परत बर्फात ठेवली.