न दिसणारा खिसा

रफूवालीच्या दुकानात दोन माणसं धड उभी राहू शकत नसत, पण तिच्या तोऱ्याला जागा भरपूर होती. जळका कोट द्या, उंदरानं कुरतडलेली शाल द्या. त्याच कापडाच्या कडेचे धागे उपसून ती भोक असं बुजवायची, की गिऱ्हाईक उजेडात धरून शोधत बसायचं. "कुठं होतं सांगा बघू?" असं विचारल्याशिवाय ती कापड हातात देत नसे.

अशा बाईच्या पोरीला, सहा वर्षांच्या भिंगरीला, मधुमेह निघाला. रोज टोचून टोचून मांड्या सुजल्या, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनचा पंप लावला. मुठीत मावेल एवढी डबी, तिच्यातून निघालेली बारीक नळी, आणि नळीचं टोक पोटाच्या कातडीखाली. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं, "डबी हाताशी राहू दे. नळीला घडी पडू देऊ नकोस. वाजली की आधी बघायचं, मग बाकीचं."

भिंगरीनं दोन दिवस भोकाड पसरलं. मग डबीचं नाव 'गोगलगाय' ठेवून ती मोकळी झाली. गोगलगाय झोपली, गोगलगाय उठली, आता गोगलगाईला शाळा दाखवायची! पोरीचं जमलं होतं. घोडं अडलं होतं मोठ्यांचं.

त्यात पहिला मान आत्याचा. ही बाई आजाऱ्याला भेटायला यायची ती जीभ चालवायला. "अगं वहिनी, मुलीची जात! कमरेला यंत्र लटकवून फिरवणार? उद्या कोण करून घेईल हिला?"

"सहा वर्षांची आहे ती, वन्सं."

"लोकांची नजर वय बघते होय?" असं म्हणत आत्यानं चहाच्या दुसऱ्या कपात तीन चमचे साखर ढवळली.

रफूवालीनं तिथंच तिचं तोंड टाचून टाकायला हवं होतं. पण बोल नेमका वर्मी बसला. लपवण्यात तर हिचा हातखंडा! तिनं शाळेच्या फ्रॉकला अस्तराच्या आत चोरखिसा शिवला आणि नळी शिवणीच्या पोटातून वळवून घेतली. बाहेरून सुरकुतीसुद्धा नाही. पोरीला गोल फिरवून ती स्वतःवरच खूश झाली. शाळेला काही कळवलं नाही. वर पोरीला दम दिला, "कोणाला सांगायचं नाही."

"गोगलगाय बोलली तर?"

"ती नाही बोलत."

ती बोलली. सकाळच्या दुसऱ्याच तासाला अस्तराच्या आतून बारीक टीटी सुरू झालं. बाईंनी फळ्यावर खडू आपटला. "कोणाचं खेळणं वाजतंय? मुकाट्यानं इकडे आणा!" भिंगरी दोन्ही हातांनी पोट दाबून बसली. आईला शब्द दिला होता ना! मग ती सारखं पाणी मागायला लागली, सारखी बाथरूमला जायला लागली. "नाटकं पुरे," बाई म्हणाल्या. मुलांचे चेहरे वाचता येतात असा त्यांचा दावा असे. दुपारी भिंगरीनं वहीवर ओकारी काढली, तेव्हा कुठं शाळेनं आईला फोन लावला.

रफूवाली धावत आली. पोर मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाकावर पडलेली, ओठ कोरडे. आईनं बोटाला टोचून साखर मोजली. आकडा भलताच वर गेला होता. डबी काढायला तिनं अस्तर चाचपलं. टाका सापडेना. स्वतःचाच टाका! कुठं आहे सांगा बघू?

"एवढं आजारी मूल शाळेत पाठवायचंच कशाला?" मुख्याध्यापिका खुर्चीतून न उठता म्हणाल्या.

तिनं दातांनी फ्रॉक फाडला. शिवणीत आवळून नळी चपटी झाली होती. इन्सुलिनचा थेंब पुढे सरकला नव्हता. पिशवीतल्या इन्सुलिनच्या पेननं तिनं पोरीला इंजेक्शन दिलं आणि तशीच उचलून दवाखाना गाठला.

सिस्टरनं फाटका फ्रॉक उलटसुलट बघितला. "शिवण सुरेख आहे," ती म्हणाली. "कोणासाठी शिवली होतीस?"

आत्याचं नाव सांगायचीही रफूवालीला लाज वाटली.

भिंगरी सावरल्यावर रफूवालीनं भडक केशरी कापडाचा खिसा कापला आणि फ्रॉकच्या बाहेर, पोटावर, जाड दोऱ्यानं ठोकला. टाके असे ढोबळ, की शिकाऊ पोरीनं घातले असते तर हिनंच तिला हाकललं असतं. तो फ्रॉक घालून पोरीला घेऊन ती वर्गात गेली. "वाजलं की मला फोन करायचा, आणि पाणी मागितलं की द्यायचं," तिनं बाईंना सांगितलं. "आधी सांगितलं नाही, ती चूक माझी. पोर दिवसभर पाणी मागत होती, ती तुम्हाला नाटकं वाटली. ते तुमचं तुम्ही बघा."

आत्या आलीच. "अगंबाई! हे तर पार नाक्यावरून दिसतंय!"

"दिसायलाच शिवलंय, वन्सं."

आत्यानं पुढचं वाक्य तोंडात घोळवलं, तेवढ्यात खिसा वाजला. भिंगरीनं हात वर करून तिला थांबवलं.

"आत्या, गप्प बस. गोगलगाय बोलतेय."