नाना पेडणेकरची दाद

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत नाना पेडणेकर पाइपफिटर होता, पण मालवणाकडच्या गावात त्याची ओळख निराळी. नाना समोर येऊन बसल्याशिवाय भजनाचे बुवा पेटीला हात लावत नसत. तो स्वतः गात नसे. गाणाऱ्याचा सूर नेमका लागला की मांडीवर थाप मारून असा काही ‘व्वाः!’ काढायचा, की थकलेल्या बुवालाही हुरूप यावा.

२००७ साली साइटवर डीटर आला. वेल्डिंग तपासणारा जर्मन, पन्नाशीचा, छाती पिंपासारखी. नाना पाइप जुळवताना गुणगुणायचा, त्यावरून दोघांचं जमलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत डीटरने आपली कथा सांगितली. बावीस वर्षं तो एका लहान शहराच्या ऑपेरात गात होता, उंच पट्टीत. वाट्याला यायचे ते नोकर, नाहीतर शिपाई. मुख्य गायक आजारी पडला तेव्हा एकदाच नायक झाला, आणि शेवटच्या चढ्या सुरावर आवाज फाटला.

"आमच्यात गाणं चालू असताना माणूस खोकतसुद्धा नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी थिएटरच्या माडीवरून लोक हुर्यो करत ओरडले."

त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. नंतर त्याने सूर लावला नाही. बापाकडून शिकलेलं वेल्डिंगच पोटाला लागलं.

नाना सहा महिने त्याच्या खनपटीला बसला. अखेर एका शुक्रवारी दुपारी, मेसची दारं लावून, डीटर उभा राहिला. घरघर नको म्हणून एसीही बंद. नानाच्या खोलीतला रत्नागिरीचा शौकत घाम पुसत म्हणाला, "यल्ला, गा बाबा, नायतर आमची उकड होयल हितं!"

डीटरने तेच जुनं गाणं धरलं. आवाज आधी गंजलेल्या व्हॉल्व्हसारखा अडला, मग सुटला. चढत चढत त्या घातकी जागेवर गेला आणि तिथे लख्ख उभा राहिला. सगळं ठाऊक असूनही नानाचा हात मांडीवर पडला.

"व्वाः!"

सूर तिथेच तुटला. डीटर पांढराफटक. टेबलावरचं हेल्मेट उचलून तो निघून गेला.

"त्यानं सांगितलान होतं ना तुला?" शौकत करवादला. "तोंडात बोळा घालायचास!"

"गाणाऱ्याक दाद देवची नाय तर काय भिंतीवानी बसूचा?" नाना बोलला खरा, पण त्यात जीव नव्हता.

शनिवारी साइटवर त्याने हात जोडून सगळं समजावलं. डीटर टॉर्च मारून सांधा बघत राहिला. "शाबासकी होती, ते मला कळलं, नाना. गळ्याला नाही कळलं."

दोन महिन्यांनी कंत्राट संपलं आणि तो गेला. गायला नाही.

पुढच्या सुटीत नाना गावी भजनाला बसला. बुवांचा सूर सुरेख लागला. नाना गप्प. बुवांनी तीच जागा पुन्हा घेतली, मग आणखी एकदा. शेवटी पेटी थांबवून त्यांनी विचारलं, "नानानू, माझा काय चुकला?"

"नाय हो बुवा. चुकला ता माझा," नाना म्हणाला. हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता.