परातीतली कुंडी

उन्हाळा लागेपर्यंत सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत मुंग्यांच्या तावडीतून सुटलेलं एकच घर उरलं होतं, माझ्या शेजारणीचं. बारीक, पिवळट मुंग्या. पिठात, साखरेत, बिछान्यात. खडूची रेघ ओढली की दुसऱ्या फटीतून हजर. आणि हिचा ओटा स्वच्छ! ही बाई काहीतरी फवारून आपल्या मुंग्या आमच्याकडे हाकलते, अशी माझी खात्रीच पटली.

मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. आधी पुरावा, मग खात्री, हे मुलांच्या कानीकपाळी ओरडले. स्वतःची वेळ आली तेव्हा उलटं केलं. कपडे वाळत घालायच्या निमित्तानं भिंतीवरून पाळत ठेवली. ती रोज सकाळी तांब्या घेऊन मागच्या पडवीत जायची. औषधच असणार! गल्लीतल्या चौघींना मी तसं सांगूनही टाकलं. त्यांनी तिच्याकडून विरजण नेणं सोडलं, मी दुपारचा चहा सोडला. तो आम्ही कितीतरी वर्षं एकत्र प्यायचो. ती भिंतीशी आली की मी आत जायची.

मग एकदा या मुंग्यांबद्दल वाचत बसले. यांच्या एका वारुळात राण्या अनेक. नवी राणी उडून लांब जात नाही. थोड्या कामकरी मुंग्या अंडी तोंडात धरून तिच्याबरोबर चालत निघतात आणि शेजारच्या फटीत बिऱ्हाड थाटतात. समुद्रातल्या बेटांवर मात्र त्यांना माणूसच नेऊन सोडतो, कुंडीतल्या मातीतून.

कुंडी वाचलं आणि मी तिथंच थांबले. संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे नकोत म्हणून मी मोठ्या तोऱ्यात घरोघर तुळशीच्या कुंड्या वाण म्हणून दिल्या होत्या. जाम गावाजवळच्या रोपवाटिकेतून आणलेल्या.

तशीच शेजारणीकडे गेले. पडवीत पाण्यानं भरलेली परात, परातीत वीट, विटेवर माझी कुंडी. माती उकरली तर आत मुंग्या आणि अंडी. तांब्यातलं पाणी या परातीसाठी होतं.

"ही पाण्यात काऊन ठेवली?"

"पहिल्याच दिवशी मुंग्या दिसल्या ना, मॅडम. पन वान फेकता येते का?"

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"किती हौसेनं वाटल्या होत्या तुमी. तुमाले वाईट वाटलं असतं."

ती चहा ठेवायला उठली.

"थांब," मी म्हटलं, "आधी चार घरी जाऊन येतो."