कासीमभाईंचा उतार

कासीमभाई बसल्या जागीही धावत असत. टपालकचेरीच्या ओट्यावर थैलीची वाट बघत बसले, की त्यांच्या पायांचे अंगठे हलत राहायचे आणि हातातल्या काठीची घुंगरं बारीक वाजायची. महाराजांनी कारभार हाती घेतला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी कचेरीत नवा कारकून होतो. मंगळवार पेठेत राहणारे कासीमभाई रोज टपालाची थैली घेऊन जोतिबाच्या डोंगरावर धावत जात आणि तिकडची थैली घेऊन दिवस मावळायच्या आत परत येत.

एका पावसाळ्यात डोंगर उतरताना त्यांचा गुडघा पिरगळला. तालमीतल्या वस्तादांनी तो बसवला, तेल लावून चोळला. तोवर त्यांच्या जागी दुसरा गडी धावत होता. दिवाळीनंतर ते परत आले, तेव्हा टपालमास्तरांनी बजावलं, "महिनाभर बघतो. थैलीला उशीर झाला, तर तो गडीच कायम."

"व्हय की. माझ्या पायाला न्हाय, थैलीलाच इचारा," कासीमभाई म्हणाले.

थैली रोज वेळेवर येऊ लागली. मला नवल वाटे. ओट्यावरून उतरताना हा माणूस भिंत धरतो. मग डोंगर कसा उतरत असेल? दुसऱ्याच्या दुखण्याविषयी इतकं कुतूहल बरं नव्हे, हे मला कळत होतं. त्याची टोचणी अजून आहे. तरी एक दिवस रजा काढून मी डोंगरावर जाऊन बसलो.

देवळाच्या वाटेवर आक्काताई नावाची म्हातारी दवणा विकायची. पूर्वी कासीमभाई तिच्याजवळ टेकायचे, ताक प्यायचे, शहरातली खबर सांगायचे. वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर त्यांचं असंच. त्या दिवशी मात्र घुंगरं वाजत आली आणि न थांबता पुढे गेली.

"बगा पावणं," आक्काताई मला म्हणाली, "सरकारनं ह्येची जीभ बी थैलीत बांधून घेतली वाटतं! वळकच देत न्हाय मेला."

परतीची थैली घेऊन ते निघाले, तसा मीही मागे धावलो. उतार लागला आणि ते चक्क चालू लागले, पाय आडवे टाकत, जपून.

"भाई, तुम्ही चालता?"

"उतारावर चालायचंच. पळालो की गुडगा फिरतोय. त्यो येळ माळावर भरून काढायचा, कुनाजवळ थांबायचं न्हाय." थोडं पुढे जाऊन ते म्हणाले, "पाय परत आला, कारकूनसाहेब. पर रस्ता मुका झाला."

माझं कोडं सुटलं होतं. त्याचा मला आनंद झाला आणि पाठोपाठ लाजही वाटली. मी तसाच वर परत गेलो आणि आक्काताईला सगळं सांगितलं.

"आगं बया! आन् मी त्येला रोज शिव्या देतोय की!"

महिना सरला. थैलीला एकदाही उशीर झाला नव्हता. कासीमभाईंची जागा राहिली. पुढे एकदा मी पुन्हा डोंगरावर गेलो, तर उताराच्या तोंडाशी आक्काताई ताकाचा तांब्या घेऊन उभी होती. मागे दोघे नारळवाले आणि एक मेंढका. कासीमभाई आले, ते थांबले नाहीत. चालता चालताच त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळी मंडळी बोलत, भांडत, हसत त्यांच्याबरोबर उतरू लागली.

पहिली सपाटी आली. त्यांनी रिकामा तांब्या म्हातारीच्या हातात दिला आणि धाव घेतली.

"आरं, माजं सांगून झालं न्हाय अजून!"

"उद्या हाय की उतार!" कासीमभाई मागे न बघता ओरडले.