पाहा: सास्त्रोविर्यो

सोलो शहरातल्या आमच्या जुन्या ग्रंथालयात पाक कासिरान (आमच्याकडे आदराने पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बू') एकतीस वर्षं संदर्भ विभागात बसले, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला सरळ उत्तर म्हणून दिलं नाही. कुणी विचारावं, "पाक, साखर कारखान्यातले संप कोणत्या साली झाले?" की यांचा हात लगेच खणांच्या कपाटाकडे. "तिसरी रांग, पाचवा खण. बघा तुम्हीच." मी शेजारी, पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर. आधी मला वाटायचं, माणूस आळशी आहे. एकदा तसं तोंडावर बोललेही. तर शांतपणे म्हणाले, "बू वुर्यानी, मी उत्तर दिलं तर ते माझं होईल. आपण दार दाखवावं. आत ज्याचं त्याने जावं."

ते खण त्यांनीच भरले होते. डच काळापासूनच्या इथल्या वर्तमानपत्रांतलं प्रत्येक नाव, प्रत्येक गाव एकेका कार्डावर, मुंगीसारख्या अक्षरांत. विद्यापीठातले लोक येत, त्या कार्डांच्या जिवावर प्रबंध लिहीत आणि प्रस्तावनेत आभार मानीत ते वरच्या मजल्यावर चहा पीत बसलेल्या मुख्य ग्रंथपालांचे. माझं डोकं फिरायचं. पाक कासिरान मात्र ढिम्म.

त्यांचा खरा जीव होता 'पाहा' कार्डांत. आमच्याकडे एकाच नावावर जन्म काढणारा माणूस विरळा. पोर सारखं आजारी पडलं, बदला नाव. लग्न झालं, घ्या मोठेपणीचं नाव. नोकरी लागली, आणखी एक. आडनावाचा पत्ता नाही. त्यामुळे जुन्या पेपरात एका वर्षी दिसलेला पोरगा दहा वर्षांनी भलताच कुणी होऊन उगवतो. पाक कासिरान त्याचा माग काढत आणि कार्ड लिहीत: 'अमुक, पाहा: तमुक.' अशी गाठ बसली की दुपारच्या भातासोबत तेम्पेचा, म्हणजे सोयाबीनच्या वडीचा, एक तुकडा जास्त घेत. तेवढीच त्यांची चैन.

१९९४ साली त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्यांच्या या कार्डांची सूची पुस्तकरूपाने छापायचं ठरलं होतं, आणि मुखपृष्ठावर त्यांचंच नाव येणार होतं. मी तर लोकांना आधीच सांगत सुटले होते. अशात एका सकाळी सत्तरीची एक बाई आली. काखेत कापडी पिशवी, पायात धुळीच्या चपला.

"कासिरान कोण?"

"मीच, बू. बसा ना."

"बसायला नाही आले. माझ्या बापाला फितूर ठरवणारा कागद तुमच्याकडे आहे म्हणतात. तो दाखवा."

तिचं नाव सामसियाह. तिचे वडील सास्त्रोविर्यो गुरुजी डच काळात ऊसतोड्यांच्या संपात उभे राहिले, तुरुंगात गेले आणि तिथेच वारले. गावाने शाळेला त्यांचं नाव दिलं. सहा वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांचं पुस्तक निघालं. त्यात लिहिलं होतं की गुरुजी म्हणजे कारखान्याचा जुना मुकादम कार्तादी, आणि त्यानेच संपवाल्यांची नावं पोलिसांना दिली. आधार म्हणून खाली तळटीप होती आमच्या सूचीची. आता येत्या सोमवारी गावाची बैठक होती, शाळेचं नाव पुसायला.

"माझ्या बापाचं लहानपणीचं नाव समिदिन," ती म्हणाली. "हा कार्तादी कोण मेला, मला ठाऊक नाही."

पाक कासिराननी खण ओढला. 'समिदिन, पाहा: सास्त्रोविर्यो.' 'कार्तादी, पाहा: सास्त्रोविर्यो.' दोन्ही वाटा एकाच कार्डावर येत होत्या. त्यांनी कात्रणांची फाइल आणून तिच्यापुढे ठेवली आणि सवयीने म्हणाले, "बघा तुम्हीच."

"काय बघू? मला वाचता येत नाही." बाईंचा आवाज चढला. "गुरुजींची लेक आहे मी. बाप उचलून नेला तेव्हा दोन वर्षांची होते. शिकवणार कोण?"

पाक कासिरान खुर्चीत बसले. चष्मा पुसला. मग एकतीस वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्यासाठी वाचू लागले. "चार मार्च. शिक्षक सास्त्रोविर्यो यांना सेमारांगच्या तुरुंगात नेण्यात आले." त्याच सालचं पुढचं कात्रण. "नऊ मार्च. कारखान्याच्या ओसरीवर मुकादम सास्त्रोविर्यो याने चार संपवाल्यांना ओळखून दाखवले." ते थांबले. पुन्हा वाचलं. माझ्या हातातला शिक्का हातातच राहिला.

"चार तारखेला तुरुंगात असलेला माणूस नऊला ओसरीवर कसा?" बाईंनी विचारलं.

"दोन माणसं होती, बू," पाक कासिरान म्हणाले. "मोठेपणी दोघांनी एकच नाव घेतलं. मी त्यांना एक केलं."

नावं जुळली आणि यांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता. चोर सुटला आणि संन्यासी सुळी गेला. त्या प्राध्यापकांनी तर कात्रणं उघडायचेही कष्ट घेतले नव्हते, कार्ड उतरवून मोकळे झाले. पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईंपेक्षा आमच्या माणसाचीच काळजी वाटली. ती पाणी प्यायला बाहेर गेली तशी मी त्यांच्या कानाशी लागले.

"पाक, ते कार्ड काढा, दोन नवी लावा, कात्रणांच्या नकला बाईंना द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुस्तक छापायला जातंय तुमचं!"

"आणि या दारातून जे आधीच आत गेले, त्यांचं काय?"

"त्यांना काय पत्ता लागणार आहे?"

"तेच तर," ते म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी वाचकांची वही काढली. तो खण ज्यांनी ज्यांनी उघडला होता, अशा एकेचाळीस जणांना हाताने पत्रं लिहिली. पहिलं प्राध्यापकांना. सोमवारी गावच्या बैठकीला स्वतः गेले, मीही सोबत गेले. दोन्ही कात्रणं त्यांनी उभं राहून वाचली. मागून कुणीतरी ओरडलं, "मग दोघे एकच म्हणून लिहिलं कुणी?"

"मी. कासिरान."

शाळेचं नाव राहिलं. पण सामसियाहबाईंनी ना त्यांचे आभार मानले ना त्यांना माफ केलं. निघताना म्हणाल्या, "पुस्तक आलं आणि शेजारपाजारच्या स्लामेतानचा भाताचा डबा आमच्या घरी यायचा बंद झाला. गावजेवणाचा डबा, पाक. शत्रूच्या घरीही जातो. माझी आई वर्षभर दाराकडे बघत बसायची. मग गेली." परतीच्या बसमध्ये मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून आवरलं.

सूची छापायची पुढे ढकलली गेली. वरच्या मजल्याचं म्हणणं पडलं की सगळी कार्डं आधी तपासून घ्यावीत. कासिराननी मान हलवली. "बरोबर आहे." जुनं चुकीचं कार्ड त्यांनी फेकलं नाही. लाल शाईने काट मारली, खाली 'चूक माझी, कासिरान' लिहिलं आणि ते नव्या दोन कार्डांच्या पुढे लावलं. आजही तो खण उघडला की बोटाला आधी तेच लागतं.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात सामसियाहबाई पुन्हा आल्या. पिशवीतून बांबूच्या कामट्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला. भात, अंडं, कोंबडीचा तुकडा.

"काल शेजाऱ्यांकडून आला. सहा वर्षांनी. मला घास उतरेना. तुम्ही खा." मग म्हणाल्या, "तुमच्या या खणात माझी आई आहे का?"

नव्हती. बायका नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जातात, पेपरात त्यांचं नाव कोण छापणार? आणि छापील आधाराशिवाय कार्ड करायचं नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. विभागात नव्याने लागलेल्या मुलींना तो ते पाठ करायला लावत.

पाक कासिराननी कोरं कार्ड पुढे ओढलं. "नाव सांगा, बू."

"पाइनेम."

त्यांनी सावकाश लिहिलं आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं.

"पाइनेम. सास्त्रोविर्यो गुरुजींची पत्नी. नवरा फितूर नव्हता, हे तिला माहीत होतं. आधार: मुलीने सांगितले."