तीन हात बाकी

आमच्या डोंगरातल्या देवस्थानाला लोक लांबून येतात, महाद्वारावरचे सोनेरी ड्रॅगन बघून माना अवघडून घेतात आणि उतरताना माझ्या दुकानात पुरणाचे वाफवलेले उंडे खातात. त्या खांबांना लाखेचे हात कोण देतं, हे एकाही शहाण्याने मला विचारलेलं नाही.

देणारा ओनुकी तात्सुझो. अठराव्या वर्षी तो कामाला लागला तेव्हा महाद्वाराचं काम नुकतंच उरकलं होतं. पुन्हा निघालं ते चव्वेचाळीस वर्षांनी. तोवर बिचाऱ्याने कठडे आणि कुंपणंच रंगवली. आणि काम निघालं त्याच वसंतात त्याची बायको फुमिए अंथरुणाला खिळली.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की पन्नास दिवस सुतक. देवाच्या कमानीखालून पाऊल टाकायचं नाही, मग तुम्ही पुजारी असा नाहीतर कारागीर. फुमिएला हे ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत उलटली तरी बाई हटेना. रोज संध्याकाळी नवरा आला की विचारायची, "अहो, किती हात राहिले?"

"नऊ. आठवड्याला एक."

"मग थांबते. तुमचं काम बुडवून गेले तर वर येऊनसुद्धा टोमणे माराल."

मी पेज घेऊन जायचे, तेव्हा हे माझ्यासमोरच चालायचं.

ऑक्टोबरात तिला श्वास पुरेना, पेजही उतरेना. तिला एकदा तरी हसताना बघावं म्हणून तात्सुझो म्हणाला, "झालं. आज शेवटचा हात दिला."

फुमिए खरंच हसली. चार चमचे पेज प्याली. "चला, सुटलात एकदाचे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तीन हात बाकी होते. ते त्याच्या हाताखालच्या कान्बेने दिले. तात्सुझो रोज कमानीच्या अलीकडे उभा राहायचा आणि परत जायचा. मला त्याचा रागही येई आणि रडूही येई.

पन्नास दिवस सरले तेव्हा मीच त्याला दटावलं, "ओनुकीसान, सुतक फिटलं. आता तरी महाद्वार बघून या."

"काय बघू, वहिनी?" तो म्हणाला. "मी झालं म्हणालो, म्हणून ती गेली. खरं सांगितलं असतं, तर अजून तीन हात थांबली असती."

मी समजूत घालायला तोंड उघडलं, पण तो म्हणत होता ते खोटं नव्हतं.