दोन फ्रिजच्या खोक्यांची पाणबुडी

आर्डिस होकान्सनला वाढदिवस करायला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे बापाने डोक्यावर टपली मारायची आणि आईने नेहमीच्याच केकवर साखर भुरभुरायची, संपलं. पण तिचा मुलगा लोरेन चार वर्षांचा झाला त्या मार्चमध्ये चौकातल्या फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुकानाबाहेर तिला एक रिकामं खोकं दिसलं. ते तिने बर्फातून घरापर्यंत ओढत आणलं आणि आगगाडी केली. आमच्या गल्लीतली अकरा पोरं त्या इंजिनात बसून तिच्या दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली. तिथून जे सुरू झालं ते पस्तीस वर्षं थांबलं नाही.

मी तिच्या शेजारी राहते, मार्लिस. चाळीस वर्षं. मधे फक्त एक कुंपण आहे आणि तेही दर हिवाळ्यात बर्फाखाली गायब होतं, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजत होते.

ती पोस्टात खिडकीवर होती, एकतीस वर्षं. त्यामुळे वाढदिवससुद्धा पोस्टासारखा चालायचा. दोन ते चार. चारला एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. गळ्यात शिट्टी. आया दारात रेंगाळल्या की म्हणायची, "पोर ठेवा आणि जा. चारला या. तोवर ते माझं आहे." कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण अजून चड्डी ओली करतं, कोण हरलं की चावतं, सगळं तिच्या वहीत लिहिलेलं. चंद्रावरची स्वारी झाली, सर्कस झाली, एकदा इस्पितळ झालं. त्या वर्षी सगळी पोरं डोक्याला पट्ट्या बांधून घरी गेली आणि दोन आयांना रस्त्यातच रडू फुटलं. आपल्या पोरांचे झाले, मग गल्लीतल्यांचे, मग लोरेनची मुलगी ब्रिटा आली आणि आर्डिस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

दुराग्रही बाई. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिला देव्हाऱ्यात बसवतेय. केकवर मेणबत्त्या कुठे लावायच्या यावरूनसुद्धा ती सुनेला बाजूला सारायची. सून केंड्रा, भली पोरगी, पण तिच्याच मुलीच्या वाढदिवसाला तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं, हातात कॉफीचा कप आणि तोंडावर हसू. मी ते हसू पाच वर्षं बघत आले. आर्डिसला ते कधी दिसलं नाही. आणि केंड्राने कधी तोंड उघडलं नाही. आमच्या उत्तर मिनेसोटात कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. "बघू या" म्हणतात, "काहीतरी वेगळंच आहे हं" म्हणतात, आणि समोरच्याने समजून घ्यायचं असतं. आर्डिस समजून घेणाऱ्यातली नव्हती. ती "बघू या" म्हणजे "बघू या" असंच धरायची.

यंदा ब्रिटा सहा वर्षांची होणार होती. नाताळातच ती म्हणाली, "आजी, मला समुद्राच्या खाली जायचंय." झालं. जानेवारीपासून आर्डिसच्या तळघरात पाणबुडी उभी राहू लागली. दोन फ्रिजची खोकी आडवी जोडलेली, पिवळा रंग, गोल खिडक्या, आरशाचे तुकडे लावून खरोखर बाहेरचं दिसणारी दुर्बीण. जुन्या छत्र्यांना रिबिनी लावून जेलीफिश केले. निळी जेली, तिच्यात गोळ्यांचे मासे. ट्यूनाचं सँडविच माशाच्या आकारात कापायला तिने पत्र्याचा साचासुद्धा वाकवून घेतला.

"काहीतरी वेगळंच आहे हं," असं केंड्रा पाणबुडी बघून म्हणाली. मी तिथेच होते. आर्डिस खूश झाली.

माझी नात ग्रेटा बंद जागेला घाबरते. कपाटात लपायचं म्हटलं तरी ओरडते. आर्डिसच्या वहीत तेही होतं. एका सकाळी तिने मला तळघरात बोलावलं आणि पाणबुडीचं वरचं झाकण उघडून दाखवलं.

"हे ग्रेटासाठी," ती म्हणाली. "तिने इथे बसायचं. डोकं बाहेर. तिला कप्तान करू, म्हणजे पोरं चिडवणार नाहीत."

"इतकं कशाला, आर्डिस?"

"एक पोर बाहेर उभं राहिलं तर वाढदिवस कसला?"

गुरुवारी लोरेन ट्रक घेऊन आला आणि पाणबुडी घेऊन गेला. ब्रिटाला म्हणे तिच्यावर स्वतः मासे रंगवायचेत, शनिवारी सकाळी परत आणून देतो. आर्डिसने ती जुन्या रजयांत गुंडाळून दिली. शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला की ब्रिटाला ताप आहे, उद्याचं रद्द, पुढच्या महिन्यात बघू या. तू येऊ नकोस, तुझी छाती आधीच नाजूक आहे.

त्याच दिवशी दुपारी मला केंड्राचा फोन आला.

"मार्लिस, उद्याची पार्टी आमच्याकडे आहे, आमच्या नव्या घरी. दोन वाजता. ग्रेटाला आण."

"आणि आर्डिस?"

"ती यंदा विश्रांती घेतेय. तिला माहितीये सगळं. पण तू विषय काढू नकोस हं, उगाच तिला वाईट वाटेल."

मला यातलं किती खरं वाटलं? अर्धं. उरलेलं अर्धं मी विचारलं नाही. सोपं पडलं ते.

शनिवारी दीड वाजता मी ग्रेटाला गाडीत बसवलं. तिने समुद्रताऱ्याचा पोशाख घातला होता, तोही आर्डिसनेच शिवलेला, आणि वरून जाडजूड कोट. भेटवस्तू मी मागच्या सीटखाली सरकवली. अर्धं तरी मनापासून खरं वाटत असतं तर ती मी लपवली नसती. गाडी बाहेर काढते तर समोर आर्डिस, हातात फावडं, दारापुढचा बर्फ उपसत होती. साठी उलटून सात वर्षं झाली तरी ती एका दमात रस्त्यापर्यंत वाट करते. मला बघून तिने हात केला आणि घरात पळत गेली. परत आली ती मोठी बरणी टॉवेलात गुंडाळून.

"गावात चाललीस ना? एवढं लोरेनच्या दारात ठेवशील? ब्रिटासाठी चिकनचं सूप केलंय, नूडल्स घातलेलं. पोरीला ताप आलाय. मला येऊ नको म्हणतात."

मी काच खाली केली होती. बर्फाची थंडी आत येत होती. मला तेव्हाच सगळं कळलं, अर्धं नाही, पूर्ण.

"आत जाऊ नकोस बरं," ती म्हणाली. "ग्रेटालाही तापाची लागण होईल." मग तिने मागे वाकून बघितलं. कोटाखालून नारिंगी ताऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं. "अगं बाई, अजून काढला नाहीस का पोशाख? रद्द झालं म्हणून रडली असशील ना? राहू दे. पुढच्या महिन्यात घालायचाच आहे."

ग्रेटाने माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांच्या पोरीला काय कळतं ते तिचं तिला ठाऊक, पण तिने कोट ओढून ते टोक झाकलं. मी बरणी घेतली. म्हणाले, "देते." दोनच अक्षरं. गाडीतून उतरून तिला सांगायला हवं होतं, हे मला त्या क्षणी कळत होतं, आता आठवून सुचलेलं नाही. पण पोरगी तयार होऊन बसलेली, दोन वाजत आलेले, आणि अशा वेळी मूग गिळून बसायची सवय आम्हाला जन्मापासूनची. भित्री मी. दुसरा शब्द नाही.

पार्टी छान झाली. वाईट झाली असती तर मला बरं वाटलं असतं. केंड्राच्या दिवाणखान्याच्या मधोमध ती पिवळी पाणबुडी, छताला जेलीफिश टांगलेले. ते तिने नवे विकत आणले होते, छत्र्या तेवढ्या तळघरातच राहिल्या. केंड्राची आई शेगडीपाशी उभी होती. केंड्रा मात्र आज भिंतीला टेकलेली नव्हती, गालावर लाली चढलेली, पोरांना ओरडून ओरडून घसा बसलेला. मला तिचाही राग येईना, आणि ते जास्त वाईट होतं. लोरेन माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी बरणी त्याच्या हातात दिली.

"आईने?" त्याने विचारलं.

"तुझ्या आजारी पोरीसाठी."

त्याने ती फ्रिजमध्ये मागे, दुधाच्या डब्याआड ठेवली.

मग केक कापताना ब्रिटा माझ्याजवळ आली. निळ्या कागदाचा मुकुट घातला होता. "मार्लिस, तू आजीच्या शेजारी राहतेस ना? आई म्हणते आजी आजारी आहे. काय झालंय तिला?"

सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या. केंड्राही, हातात सुरी तशीच धरून. तासाभरापूर्वी मी त्या बाईला फावड्याने बर्फ उडवताना बघितलं होतं.

"थोडा ताप आहे, बाळा," मी म्हणाले. "बरी होईल."

आणि मी केक खाल्ला. वरचा निळा थर आधी.

पुढचे दहा दिवस मी आर्डिसला टाळलं. सूप पोचल्याचं कुंपणावरून ओरडून सांगितलं तेवढंच. अकराव्या दिवशी, सकाळी कॉफीच्या वेळी, ती मागच्या दाराने आत आली. चाळीस वर्षं ती न ठोठावता येते. हातात एक पाकीट होतं.

ते पाकीट मी ओळखलं. नाताळात आर्डिसने ब्रिटाला दहा पाकिटं दिली होती, स्वतःचा पत्ता घालून, तिकीट लावून. पत्र घरापुढच्या टपालाच्या डब्यात टाकायचं, डब्याचा लाल झेंडा वर करायचा म्हणजे आत न्यायचं पत्र आहे हे पोस्टमनला कळतं, हे सगळं शिकवलं होतं. शिवाय वाढदिवस झाला की आठवड्याच्या आत ज्याने जे दिलं त्याला आभाराचं पत्र लिहायचं, हा नियमही आर्डिसचाच. पोरगी आजीचं ऐकणारी. बाकीची पत्रं आईने पाठवली असतील, आजीचं मात्र आईला न विचारता टाकून तिने नियम पाळला.

आर्डिसने पत्र टेबलावर ठेवलं. मोठी वाकडी अक्षरं, खाली पिवळी पाणबुडी काढलेली.

"आजी, पाणबुडीबद्दल थँक्यू. सगळे आत मावले. तू आजारी होतीस म्हणून आली नाहीस. आता बरी झालीस का? ब्रिटा."

"मी चार वेळा वाचलं," आर्डिस म्हणाली. "पहिल्यांदा वाटलं पोरगी गोष्ट रचतेय." मग तिची मान वळली. माझ्या फ्रिजवर, लोहचुंबकाखाली, तसलीच पिवळी पाणबुडी होती. ग्रेटाला आलेलं पत्र. ग्रेटाने हट्टाने लावलं होतं, आणि ते काढायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. आर्डिस उठून फ्रिजपाशी गेली. चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचलं. आल्याबद्दल थँक्यू, असंच होतं त्यात.

मी म्हणाले, "आर्डिस, मला केंड्रा म्हणाली की तुला..."

"ग्रेटा आत बसली का?"

"बसली. झाकण उघडं ठेवून. कप्तान केलं तिला."

"खोक्यांची चिकटपट्टी सुटली नाही ना कुठे?"

"नाही."

ती खुर्चीत बसली. रडली असती, ओरडली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिने माझ्या फोनशेजारचं पेन घेतलं, आणि वही. "उत्तर लिहायला हवं. पोरगी वाट बघत असेल. खोटी पडता कामा नये ती." मग पेन उघडून माझ्याकडे बघत म्हणाली, "मला काय झालं होतं ग? तुला माहीत असेल. तू होतीस तिथे."

"ताप."

"माझ्या लोरेनला दुसरा आजारही सुचला नाही? माझ्यासाठी तो, तिच्यासाठीही तोच."

मला गप्प बसता आलं असतं. पण ते करून झालं होतं. "लोरेनने नाही सांगितलं," मी म्हणाले. "ब्रिटाने मला विचारलं होतं. ताप मी म्हणाले."

आर्डिसने माझ्याकडे बघितलं, पोस्टाच्या खिडकीतून पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे बघायची तसं. मग खाली मान घालून लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती, पोरांना वाचून दाखवतात तसं, एकेक शब्द सुटा.

"माझ्या लाडक्या ब्रिटा. ताप उतरला. आता मी अगदी बरी आहे." ती थांबली. "शेजारच्या मार्लिसने मला गरम सूप आणून दिलं. लिहू ना?"

"नको, आर्डिस."

तिने लिहिलं. माझ्याच खणातून पाकीट घेतलं, तिकीट घेतलं, पत्ता घातला. कॉफीचा कप विसळून पालथा ठेवला आणि पुढच्या दाराने गेली. चाळीस वर्षांत ती पुढच्या दाराने कधी गेली नव्हती. रस्त्याकडेच्या माझ्या डब्यात तिने ते पत्र टाकलं आणि झेंडा वर केला. तिचा स्वतःचा डबा दहा पावलांवर होता.

पोस्टमन आमच्या गल्लीत दोनला येतो. तोवर ते पत्र माझ्याच डब्यात होतं. मी तीनदा दारापर्यंत गेले, एकदा बूटही घातले. दोन वाजता त्याने पत्र उचललं, झेंडा खाली केला आणि मला बघून हात हलवला. मीही हलवला.